यावलच्या मुलीला आइस डान्सर व्हायचंय: पहिली वर्षं कशी घालवायची?

यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी अकरा वर्षांची. पाच वर्षांपासून क्वाड स्केट्सवर, म्हणजे चार चाकांच्या रोलर स्केट्सवर शिकते, आधी स्पीड, आता आर्टिस्टिक, म्हणजे नाचाचं स्केटिंग. फेब्रुवारीत मिलानच्या हिवाळी ऑलिंपिकमधला आइस डान्स मोबाइलवर पाहिला आणि "मला हेच करायचंय" म्हणून हटून बसली. वडील विचारतात की आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवरचा, मग सुरुवात करायची कुठून? जोडीदार कुठून आणायचा? तिचा तेरा वर्षांचा भाऊही स्केटिंग करतो, त्या दोघांची जोडी चालेल का? आणि परदेशी पाठवायचं तर कधी, खर्च किती?

भाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्यावर ठरतात. आत्ता परदेशी पाठवू नका. पुढची दोन वर्षं तरी नाही. मी जळगावात क्वाडवरच वाढले, पुढे कॅनडात ऑंटारिओतल्या क्लबांमध्ये लहान मुलांना आइस डान्स शिकवला, आता परत येऊन इथे रोलर डान्स शिकवते. तिथलीही अकरा वर्षांची मुलं मी पाहिलीत, इथलीही. तिथल्या मुलांचा बराचसा वेळ ज्या गोष्टी घोटण्यात जातो, त्यातल्या पुष्कळशा आपल्याकडे सिमेंटच्या कोर्टावर घोटता येतात. बर्फाशिवाय ज्या होतच नाहीत, त्यांच्यासाठी या वयात वर्षातून दोन शिबिरं पुरतात.

आधी खेळ नीट समजून घ्या, कारण मुलीला मोबाइलवर दिसलं ते वेगळं आणि पंच गुण देतात ते वेगळं. फिगर स्केटिंगमध्ये जोडीचे दोन प्रकार आहेत. पेअर्समध्ये मुलगा मुलीला डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो, दोघं मोठ्या उड्या मारतात. आइस डान्समध्ये तसल्या उड्या नाहीत, जोडीदाराला डोक्याच्या वर उचलून धरायला परवानगी नाही, आणि छोटी लिफ्ट सात सेकंदांच्या आत उरकावी लागते. 1976 पासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे. स्पर्धेत दोन नाच: ऱ्हिदम डान्स 2 मिनिटं 50 सेकंदांचा, आणि फ्री डान्स सीनियरांना 4 मिनिटांचा, ज्युनियरांना साडेतीन. तुम्हाला दिसतात लिफ्ट आणि चमचमते कपडे. पंचांची नजर पायांवर असते.

पायांत काय बघायचं, तर एज. फिगरचं पातं साधारण चार मिलिमीटर जाड असतं आणि तळाला मधोमध खोलगट घासलेलं असतं, त्यामुळे त्याला दोन धारा तयार होतात, आतली आणि बाहेरची. डान्सर सरळ पात्यावर कधी उभा राहत नाही, कायम कुठल्या तरी एका धारेवर झुकून वळण काढत असतो. झुकाव जितका खोल आणि जितका स्थिर, तितका खेळाडू वरचा. दोघांचे झुकाव एकसारखे आणि अंगांत अंतर कमी असेल तर जोडी वरची. ट्विझल म्हणजे एका पायावर गिरक्या घेत पुढे सरकत जायचं, तेही दोघांनी एकाच वेळी, एकाच वेगाने. तिथे भल्याभल्यांचं पदक जातं.

आता तुमच्या मुलीकडे वळू. स्पीडमधून आली आहे ही जमेची बाजू आहे, तिच्या गुडघ्यात आणि मांडीत ताकद असणार. पण स्पीडची मुलं कमरेत वाकतात, खाली बघतात आणि धक्का मागच्या मागे देतात. डान्समध्ये पाठ ताठ, हनुवटी जमिनीला समांतर, गुडघे मात्र स्पीडइतकेच वाकलेले, आणि धक्का बाजूला, आतल्या चाकांवरून. ही सवय मोडायला वेळ लागतो. म्हणून पहिले काही महिने तिला नवीन काही शिकवूच नका म्हणते मी. रोज अर्धा तास नुसते अर्धगोल: खडूने कोर्टावर मधोमध एक लांब रेघ ओढा, त्या रेघेवरून डावीकडे एक अर्धगोल, परत रेघेवर, उजवीकडे एक अर्धगोल. पुढे जाताना बाहेरच्या एजवर, मग आतल्या, मग हेच उलटं जाताना. प्रत्येक अर्धगोल त्याच आकाराचा आणि रेघेवर येईपर्यंत दुसरा पाय खाली टेकायचा नाही. कंटाळवाणं आहे. ऑंटारिओतली मुलंही कंटाळतात, पण सकाळी सहाच्या बर्फावर त्यांना हेच करायला लावतात.

क्वाडच्या ट्रकमधले, म्हणजे चाकांच्या आसाच्या जोडणीतले रबर, ज्याला आपले सर लोक कुशन म्हणतात, ते स्पीडसाठी घट्ट आवळलेले असतील तर थोडे सैल करून घ्या. घट्ट कुशनवर चाकं झुकतच नाहीत, मग मूल अंग वळवून एजचा आभास निर्माण करतं, आणि ती लबाडी बर्फावर पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडते. जमिनीचंही बघा. शहाबादी किंवा कोटा फरशीवर सराव चालत असेल तर फरशीच्या सांध्यांवर चाक अडखळतं आणि मूल नकळत पाय उचलायला शिकतं. गुळगुळीत घोटलेलं सिमेंट किंवा बॅडमिंटनचा हॉल मिळाला तर उत्तम. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातच्या आत आटपा, त्यानंतर आपल्याकडचं कोर्ट पोरांना भाजून काढतं.

वर्षभराने इनलाइन फिगरचे स्केट्स घ्या. एका ओळीतली चाकं, फ्रेमला पात्यासारखी किंचित कमान, पुढे टो-स्टॉप. त्यांवरून बर्फावर जाणं क्वाडपेक्षा सोपं जातं. स्पीडचे इनलाइन चालणार नाहीत. त्यांची चाकं एका सरळ रेषेत असतात आणि फ्रेम लांब असते, त्यावर थ्री-टर्न, म्हणजे एका पायावर पुढून उलटं फिरणं, मारायला गेलं की मूल पडतं. क्वाड मात्र सोडू नका. स्पर्धा तूर्त तिथेच आहेत.

संगीत हा भाग आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित, आणि नेमका तिथेच आपला हात चांगला चालतो. आइस डान्सची शिडी ठरलेल्या नाचांनी चढायची असते. त्यांना पॅटर्न डान्स म्हणतात: पावलं ठरलेली, एज ठरलेली, कुठलं पाऊल किती मात्रांचं तेही ठरलेलं. अगदी पहिल्यांपैकी एक म्हणजे डच वॉल्ट्झ. तीन-तीनचा ठेका, मिनिटाला 138 ठोके, सगळा नाच पुढच्या दिशेने, एकही वळसा नाही. त्यात स्विंग रोल येतो: एका बाहेरच्या एजवर सहा मात्रा राहायचं, पहिल्या तीन मात्रांत मोकळा पाय मागे, पुढच्या तीनमध्ये तो झुलत पुढे. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. भाऊ, हा आपला दादरा आहे! गावातल्या भजनी मंडळात तबला किंवा ढोलकी वाजवणारं कोणी असेल तर त्यांना बसवा कोर्टाच्या कडेला. "धा धी ना" ला पाय मागे, "धा तू ना" ला पाय पुढे. समेवर नवा धक्का. मोबाइलवरच्या गाण्यापेक्षा जिवंत ठेक्यावर मूल लवकर शिकतं, कारण वाजवणारा थांबून परत समेवर आणू शकतो, लय उतरवू शकतो. कॅनडातल्या मुलांना मोजून मोजून शिकवावं लागतं ते आपल्या भजनात बसणाऱ्या पोराच्या कानात आधीच असतं. डच वॉल्ट्झ बसला की कॅनास्टा टँगो, मग ऱ्हिदम ब्लूज. हे तीन तिने एकटीने स्वच्छ केले की पहिलं वर्ष सार्थकी लागलं समजा.

जोडीने नाचताना एकमेकांचं वजन पेलणं शिकवायला मला फुगडीहून चांगला व्यायाम सापडलेला नाही. आखाजीला आपल्या मुली घालतात तीच. हात सरळ, अंग मागे झुकलेलं, दोघांपैकी एकीनेही कोपर वाकवलं की गोल बिघडतो. बूट न घालता, माजघरात, रोज पाच मिनिटं. भावासोबत घालू द्या.

आता त्या भावाचा प्रश्न. मला विचाराल तर तुमच्या घरातली खरी पुंजी तो आहे. या खेळात मुली ढिगाने आणि मुलगे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, हे जगभर सारखं आहे. चांगला जोडीदार मिळावा म्हणून मुलीच्या घरच्यांनी मुलाच्याही शिकवणीचा भार उचलायचा, हे तिकडे सर्रास चालतं. तुमच्याकडे तेरा वर्षांचा, स्केटिंग येणारा, त्याच घरात राहणारा, एकाच गाडीत बसून सरावाला जाणारा मुलगा आहे. भावाबहिणीची जोडी या खेळाला नवी नाही. इझाबेल आणि पॉल ड्युशने या भावंडांनी फ्रान्सकडून 1992 मध्ये ऑलिंपिक रौप्य घेतलं. अमेरिकेच्या माया आणि अॅलेक्स शिबुतानी यांनी 2018 मध्ये कांस्य. प्रेमिकांचे विषय त्यांना वर्ज्य राहतात, म्हणून कार्यक्रम वेगळे बसवावे लागतात, एवढंच. गावात कोण काय म्हणेल या काळजीवरही हा उतारा आहे. अनोळखी मुलाच्या कमरेला हात म्हटलं की आपल्याकडे आजीपासून सगळ्यांच्या भुवया वर जातात, हे मला माहीत आहे.

पण त्याला वेगळं बसवून विचारा, बहिणीच्या देखत नाही. बहिणीचं स्वप्न पुरं करायला म्हणून उभा राहिलेला भाऊ पंधराव्या वर्षी क्रिकेटला पळतो आणि मग दोघांचंही नुकसान होतं. त्याला स्वतःला गोडी असेल तरच. आणि आणखी एक: तेराव्या वर्षी मुलाची उंची अजून वाढायची असते. आत्ता दोघं जवळपास सारखे दिसत असतील तर घाबरू नका, लिफ्टचा विचारही करू नका. हातात हात आणि किलियन पकड पुरे. किलियन म्हणजे दोघंही एकाच दिशेला तोंड करून, मुलगी मुलाच्या उजव्या बाजूला किंचित पुढे, दोघांचे उजवे हात तिच्या उजव्या कमरेवर, डावे हात समोर बाजूला लांबवलेले. डच वॉल्ट्झ याच पकडीत होतो. भाऊ नाही म्हणाला तर क्लासमधल्या मैत्रिणीसोबत सराव करू द्या. कॅनडाच्या संघटनेने 2022 मध्ये देशांतर्गत स्पर्धांसाठी जोडीची व्याख्याच "दोन स्केटर" अशी केली, मुलगा-मुलगी ही अट काढून. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अजून मुलगा-मुलगीच लागतात, पण शिकण्यासाठी दोन मुलींचं छान जमतं.

जोडी कधी जमावी याचा एकच एक नियम नाही. कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर यांना 1997 मध्ये स्कॉटच्या घरातल्याच एका बाईने एकत्र आणलं, जी त्यांची प्रशिक्षक होती. ती सात वर्षांची, तो नऊचा. टेसा तेव्हा बॅलेही शिकत होती. पौगंडावस्थेतच दोघं घर सोडून मोठ्या प्रशिक्षकांकडे गेली, 2006 मध्ये ज्युनियर विश्वविजेती झाली आणि 2010 व 2018 मध्ये ऑलिंपिक सुवर्ण. दुसरीकडे इंग्लंडचे जेन टॉर्विल आणि ख्रिस्तोफर डीन. ती विमा कार्यालयात कारकून, तो पोलिसात. 1975 च्या सुमाराला, वीस वर्षांच्या आत असताना जोडी जमली, त्याआधी दोघांचेही वेगळे जोडीदार होते. 1980 च्या ऑलिंपिकमध्ये पाचवे आले. मग नोकऱ्या सोडल्या, नॉटिंगहॅमच्या नगर परिषदेने पैशांची मदत केली, आणि 1984 मध्ये सारायेव्होत कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ पंचांनी 6.0 दिले. तेव्हाची गुणपद्धत सहाची होती. तेव्हा अकराव्या वर्षी जोडीदार नाही म्हणून रडू नका असं मुलीला सांगा. बालपणापासूनची जोडीही कायम टिकते असं नाही: फ्रान्सच्या पापाडाकिस आणि सिझेरॉन यांनी लहानपणापासून एकत्र नाचत 2022 चं सुवर्ण घेतलं, 2024 च्या डिसेंबरात निवृत्ती जाहीर केली, आणि पुढच्याच वर्षी सिझेरॉन नव्या जोडीदारासोबत उतरला.

बर्फाचं काय? देहरादूनला महाराणा प्रताप स्पोर्ट्स कॉलेजच्या आवारात 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधलेली बंदिस्त रिंक आहे. ती कित्येक वर्षं बंद पडली होती, 2025 मध्ये पुन्हा सुरू होऊन तिथे शॉर्ट ट्रॅकची, म्हणजे बर्फावरच्या स्पीड स्केटिंगची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. सिमल्याची नैसर्गिक बर्फाची रिंक 1920 पासूनची, पण ती फक्त हिवाळ्यात आणि थंडीच्या मर्जीवर. भुसावळहून दिल्लीच्या गाड्या भरपूर, तिथून पुढे देहरादून. जाण्याआधी फोन करून फिगर स्केटिंगला वेळ देतात का हे पक्कं विचारा. आपल्या देशात बर्फावर स्पीडवाल्यांचं राज्य आहे. मॉलमधल्या छोट्या रिंका एजच्या सरावाला चालतील, पॅटर्न डान्सला नाही. पॅटर्न पूर्ण मापाच्या बर्फावर, म्हणजे 60 बाय 30 मीटरवर बसतो. छोट्या जागेत मूल अर्धगोल आखूड करायला शिकतं.

पहिल्या शिबिरात ती पडेल. क्वाडवर टो-स्टॉपवर टेकायची सवय असते. बर्फावर पात्याच्या टोकाला दाते असतात, त्यांच्यावर वजन गेलं की तोंडावर. दोन दिवसांत सुटतं. भाड्याच्या बुटांवर शिकवू नका, घोट्यात मऊ पडलेले असतात. नवशिक्या दर्जाचे पण स्वतःचे, पायाला नेमके बसणारे घ्या, पुढे वाढतील म्हणून मोठे नकोत. डान्सचं खास पातं मागच्या बाजूने आखूड असतं, जोडीदाराच्या पायात अडकू नये म्हणून. ते आत्ता लागत नाही.

मी दोन वर्षं म्हणते ते यासाठी: आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात ज्युनियर गटात उतरायला 1 जुलैच्या आधी तेरा पूर्ण लागतात. त्याखाली नॉव्हिस, म्हणजे नवोदितांचे गट आहेत, वरच्या नॉव्हिसमध्ये दोन पॅटर्न डान्स आणि एक फ्री डान्स करायचा असतो. सीनियरचं किमान वय संघटनेच्या 2022 च्या अधिवेशनात टप्प्याटप्प्याने वाढवायचं ठरलं आणि 2024-25 च्या हंगामापासून ते सतरा आहे. म्हणजे घाईचं कारण नियमांनीच काढून टाकलंय. तोवर रोलरवर सोलो डान्स आणि कपल डान्सच्या जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धा खेळू द्या. तोही कमी दर्जाचा रस्ता नाही. 2010 च्या ग्वांगझू आशियाई खेळांत हैदराबादच्या अनुप कुमार यामाने रोलर आर्टिस्टिकमध्ये एकेरीत आणि अवनी पांचाळसोबत जोडीत, अशी दोन कांस्यं घेतली. पुढे त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. बर्फावर भारताचा एकही फिगर स्केटर आजवर ऑलिंपिकला गेलेला नाही. हे मुलीपासून लपवू नका.

नागरिकत्वाची बाब आधीच ध्यानात ठेवा. ऑलिंपिकमध्ये जोडीतले दोघंही त्याच देशाचे नागरिक लागतात. भारताकडून खेळायला भारताचा पासपोर्ट लागतो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. परदेशात स्थायिक नातेवाइकांचा मुलगा जोडीदार म्हणून सुचवला गेला तर पहिला प्रश्न हाच विचारा. भाऊ-बहिणीच्या जोडीला ही कटकट नाही, हा आणखी एक फायदा.

खर्चाचा आकडा मी सांगणार नाही, कारण शहरागणिक आणि प्रशिक्षकागणिक तो दुप्पट-चौपट होतो. रचना सांगते. तिकडे बर्फाचे पैसे वेगळे, प्रशिक्षकाचे वेगळे, तेही पंधरा-वीस मिनिटांच्या हिशेबाने. नृत्यरचनाकार वेगळा, संगीत कापणारा वेगळा, कपडे, पात्यांना धार, आणि वाढत्या वयात दरवर्षी बूट. त्यात राहणं-खाणं आणि सोबत एक पालक. वर्षाला लाखांत जातं आणि केळीचा भाव दरवर्षी सारखा नसतो. जमीन विकून पाठवायचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. तेराव्या वर्षी दोघांची जोडी टिकलेली असेल, डझनभर पॅटर्न डान्स हातचे असतील, तर उन्हाळी सुट्टीत सहा-आठ आठवड्यांसाठी बाहेर पाठवा. त्या मुक्कामात प्रशिक्षक काय म्हणतो ते ऐका आणि मग शाळेचं, दहावीचं, पुढचं ठरवा.

एका बाबतीत मात्र कडक राहा. कोणीही, मी धरून, तिच्या वजनावर बोट ठेवलं किंवा जेवण कमी करायला सांगितलं तर तो क्लास त्या दिवशी बंद. वाढत्या मुलीला कळण्याची भाकरी, दूध, शेंगदाणे, केळी सगळं लागतं. सराव बंद दाराआड नको, घरचं एक माणूस दिसेल अशा जागी बसलेलं असावं.

जाता जाता एक, मुलीला दाखवायला. 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये लोकनृत्य हा विषय होता आणि अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस-चार्ली व्हाइट यांनी भारतीय नाच बसवला. हिंदी सिनेमाचं संगीत, हस्तमुद्रा, मानेच्या हालचाली, सगळं शिकून. त्या ऑलिंपिकात त्यांना रौप्य मिळालं. मला तो नाच आवडतो, पण प्रत्येक वेळी बघताना वाटतं की मुद्रा आपल्या मुलीच्या हातात जास्त शोभल्या असत्या. एज मात्र त्यांचे बघा, आवाज बंद करून, फक्त गुडघ्याखाली.

आणि मला दोघांचा व्हिडिओ पाठवा. नाच नको, कपडे नकोत, गाणं नको. रेघेवरचे अर्धगोल, पुढे आणि उलटे, दोन्ही पायांवर. मोबाइल कमरेच्या उंचीवर, रेघेच्या टोकाला उभं राहून धरा, बाजूने नाही, आणि पाय चौकटीबाहेर जाऊ देऊ नका. भावाचा वेगळा, बहिणीचा वेगळा. कुशन सैल केल्यावर आठवड्याने काढलात तर जास्त बरं.